मदत हवी आहे: शनिवार-रविवारी कबड्डी, १४ संघ, भाग्यपत्रिका बसत नाही

विश्रामबाग_क्लब (बुधवार, रात्री ९.१२)
सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. आमच्या विद्यार्थी कबड्डी क्लबची आंतरविभागीय स्पर्धा येत्या शनिवार-रविवारी आहे. १४ संघ आलेत. उद्या संध्याकाळपर्यंत भाग्यपत्रिका (कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता) बोर्डावर लावायची आहे आणि ती काही केल्या बसत नाही. ८ किंवा १६ असते तर प्रश्नच नव्हता. १४ चं कसं करतात? लवकर सांगा.

मधलीरेषा
बाद पद्धत (हरला की बाहेर) की साखळी (गटात प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना)? मैदानं किती? माती की मॅट? दिवे आहेत का? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

शाहूपुरी_सातारा
१४ संघ म्हणजे सरळ बाद पद्धत. पुढचा दोनाचा घात १६, त्यातून १४ वजा केले की २ संघांना पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट दुसरी. वरच्या अर्ध्यात ७, खालच्या अर्ध्यात ७. पहिली पुढे चाल सगळ्यात खालच्या, म्हणजे १४ क्रमांकाला. दुसरी सगळ्यात वरच्या १ क्रमांकाला. मग पहिल्या फेरीत २-३, ४-५, ६-७, ८-९, १०-११, १२-१३ असे ६ सामने. जिंकलेले ६ आणि पुढे चाल मिळालेले २ मिळून ८ संघ. पुढे ४ उपांत्यपूर्व, २ उपांत्य, १ अंतिम. एकूण १३. बाद पद्धतीत सामने नेहमी संघांपेक्षा एक कमी, ताळा करायला हे लक्षात ठेव. गेल्या वर्षीचे विजेते १ वर आणि उपविजेते १४ वर टाक, बाकी चिठ्ठ्या.

डावाकोपरा
गणित बरोबर आहे, पण क्लबच्या स्पर्धेला बाद पद्धत लावू नये. पहिल्या फेरीतच ६ संघ एकेक सामना खेळून घरी जाणार, त्यातले दोन-तीन विभाग पुढच्या वर्षी संघच देत नाहीत. क्लब जगतो तो या संघांवर, विजेत्यावर नाही.
चार गट पाड: ४, ४, ३, ३. चारच्या गटात ६ सामने, तीनच्या गटात ३. म्हणजे ६+६+३+३ = १८. प्रत्येक गटाचा पहिला संघ उपांत्य फेरीत. २ उपांत्य, १ अंतिम. एकूण २१. प्रत्येकाला किमान दोन सामने मिळतात.

शाहूपुरी_सातारा
२१ सामने दोन दिवसांत? २० मिनिटं, ५ मिनिटं मध्यंतर, परत २० मिनिटं. त्यात टाइमआउट, संघ बदलणं, पाणी मारणं. एका सामन्याला तास धरावाच लागतो. २१ तास कुठून आणणार?

विश्रामबाग_क्लब
सर, मैदान मातीचं आहे. एक नेहमीचं, आणि शेजारी जागा आहे, तिथे दुसरं आखता येईल. दिवे नाहीत. आणि मुलींचे ४ संघ पण आहेत, ते लिहायचं राहिलं.

मधलीरेषा
भावा, हे आधी सांगायचं. १८ संघ आहेत, १४ नव्हे. आता शनिवारी किती वाजता सुरू करणार? जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

विश्रामबाग_क्लब
शनिवारी १ पर्यंत लेक्चर्स आहेत. २ ला सुरू. रविवारी सकाळी ७.३० पासून.

डावाकोपरा
मग हिशोब असा. शनिवारी २ ते ६ म्हणजे २४० मिनिटं. रविवारी ७.३० ते ६ मधून जेवणाचा एक तास काढला की ५७० मिनिटं. तासाचा सामना धरला तर एका मैदानावर ४ + ९ = १३, दोन मैदानांवर २६. मुलांचे २१ आणि मुलींचे ७ (चार संघांची साखळी ६, वर अंतिम १) मिळून २८ होतात. बसत नाही.
म्हणून साखळीचे सामने १५-५-१५ ठेवा आणि ४५ मिनिटांचा टप्पा धरा. शनिवारी प्रत्येक मैदानावर ५, म्हणजे १०. साखळीचे १८ + ६ = २४ पैकी १४ रविवारी उरतात. दोन मैदानांवर सात-सात, ७.३० ते १२.४५. जेवण. मग ३ वाजता दोन्ही उपांत्य एकाच वेळी पूर्ण वेळेचे, ४.१० ला मुलींचा अंतिम, ५ ला मुलांचा अंतिम. उपांत्य खेळलेल्या मुलांना तासभर विश्रांती मिळते आणि उजेडातच संपतं.

शाहूपुरी_सातारा
हे बसतं, मान्य. पण विजेता संघ चार-पाच सामने खेळणार आणि त्यातले तीन-चार रविवारी. दमलेल्या पायांनीच गुडघे आणि घोटे जातात. मी तरी १३ सामने, पूर्ण वेळ, हेच म्हणेन. दुसरं मैदान मुलींना देऊन टाक, कुणाची घाई नाही.

डावाकोपरा
त्यावर उपाय शनिवारच्या क्रमात आहे. चारच्या गटांत पहिली फेरी १-४, २-३. दुसरी १-३, ४-२. तिसरी १-२, ३-४. शनिवारी अ आणि ब गटांची पूर्ण पहिली फेरी (४), दुसऱ्या फेरीतला एकेक (२), क आणि ड मधला एकेक (२), मुलींची पहिली फेरी (२). झाले १०. कुठल्याही संघाला लागोपाठ दोन टप्पे द्यायचे नाहीत, मध्ये किमान एक टप्पा मोकळा. तीनच्या गटात पहिला सामना १-२, दुसरा हरलेला विरुद्ध ३, तिसरा जिंकलेला विरुद्ध ३. असं केलं की शेवटचा सामना सहसा फुकट जात नाही.

मिरज_कट्टा
माती कशाला? भाड्याने मॅट आणा. राज्य, राष्ट्रीय सगळं मॅटवर चालतं, मुलांना सवय कधी होणार?

फक्की_आणि_फीत
तीन दिवसांत मॅट नको. १३ × १० मीटरचं मैदान आणि चारी बाजूंना १ मीटर मोकळं, म्हणजे एक चौरस मीटरचे १५ × १२ = १८० तुकडे एका मैदानाला, दोनला ३६०. खाली जमीन सपाट नसेल तर सांधे उघडतात आणि पायाची बोटं त्यात अडकतात. रविवारी सकाळी ७.३० ला त्यावर दव असणार, तो पुसून काढेपर्यंत पहिला टप्पा जाईल. शिवाय मॅटला वेगळे बूट लागतात. विभागाच्या संघातली मुलं अनवाणी येतात.
माती कुठली आहे? काळी असेल तर आजच काम सुरू करावं लागेल.

विश्रामबाग_क्लब
काळी. वर थोडा मुरूम आहे. भेगा आहेत बारीक.

फक्की_आणि_फीत
मग मुरमाचे खडे आधी वेचून काढ. कोपरं आणि गुडघे सोलतात ते त्यानेच. उद्या सकाळी वरची दोन-तीन इंच माती कुदळीने सैल करून चाळणीने चाळा, भेगा चाळलेल्या मातीने भरा. संध्याकाळी पाणी, पण झारीसारखं, पाइप एका जागी धरून नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. एका जागी जास्त पाणी पडलं तर तिथे चिखल आणि दोन दिवसांनी भेग. शुक्रवारी सकाळी वाफसा आला की रोलर. मूठभर माती दाबून बघ: लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा. हाताला चिकटली तर थांब, नाहीतर माती रोलरला चिकटून उचलली जाईल. शनिवारी सामन्यांच्या मध्ये फक्त धूळ बसण्यापुरतं शिंपडा.

आखणी शुक्रवारी संध्याकाळी. मुलांचं १३ × १०. मध्यरेषा ६.५ वर, निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) मध्यरेषेपासून ३.७५ मीटर, बोनस रेषा (जादा गुणाची) तिच्या पुढे १ मीटर, म्हणजे ४.७५. दोन्ही बाजूंना राखीव क्षेत्र (लॉबी) १ मीटर, ते १० मीटरच्या आतच धरायचं. इथे सगळ्यांची चूक होते, बाहेर मोजतात आणि मैदान १२ मीटर रुंद होतं. कोपरे काटकोनात आहेत का ते कर्णाने तपास: पूर्ण मैदानाचे दोन्ही कर्ण १६.४० मीटर यायला हवेत, अर्ध्याचे ११.९३. दोन कर्णांत बोटभर फरक चालेल, वीतभर नाही.
मुलींचं १२ × ८, निदान रेषा ३ मीटर, बोनस ४ मीटर, कर्ण १४.४२.

आणि कळीचा चुना अजिबात नको. घामाने ओला झाला की कातडी भाजते, डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि कबड्डीत तोंड मातीत जातंच. खडूची भुकटी वापर. नवारीची पट्टी टाकणार असाल तर खिळे जमिनीच्या खाली ठोकून वर माती दाबा.

कृष्णाकाठ_०९
विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेसाठी पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही आणि दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत लागते. वयाचं बघून घ्या. गॅप असलेल्यांचं अडतं.

मधलीरेषा
ही कॉलेजांतर्गत स्पर्धा आहे हो. पात्रतेचा इथे संबंध नाही. ओळखपत्र पुरे.
पंच कोण आहेत? त्याबद्दल कुणी बोललंच नाही.

विश्रामबाग_क्लब
आमचीच मुलं. नियम येतात सगळ्यांना.

मधलीरेषा
इथेच भांडण होतं. एका मैदानाला १ सरपंच (मुख्य पंच), २ पंच, १ गुणलेखक, २ सहाय्यक गुणलेखक, म्हणजे ६ माणसं. दोन मैदानांना १२. गुणलेखक आणि सहाय्यक विद्यार्थी चालतात, पण त्या गटात ज्यांचा विभाग नाही असेच. अ गटाचे सामने क गटातल्या विभागांनी लिहायचे, अ आणि क गटांचे सामने एकाच टप्प्यात न ठेवता. सरपंच आणि पंच मात्र पंच परीक्षा पास झालेले बाहेरचे घ्या, किमान उपांत्य फेरीपासून. जिल्हा संघटनेकडे विचारा, मानधन आणि चहा-जेवण आधी ठरवा.

सहाय्यक गुणलेखकाचं मुख्य काम बाद झालेल्या खेळाडूंचा क्रम राखणं. पहिला बाद झालेला पहिला आत. दोन जण एकाच पकडीत बाद झाले की कोण आधी यावरून वाद होतात, म्हणून त्याच्या हातात कागद हवाच.

नियमपत्रक छापून भाग्यपत्रिकेसोबत लावा आणि १८ कर्णधारांच्या सह्या घ्या. त्यात हे हवंच: विजयाला २ गुण, बरोबरीला १. गटात गुण सारखे झाले तर गुणफरक, तोही सारखा असेल तर जास्त मारलेले गुण. उपांत्य आणि अंतिम बरोबरीत सुटले तर ५-५ चढाया, तरीही बरोबरी असेल तर सुवर्ण चढाई (निर्णायक चढाई). वेळेनंतर १० मिनिटांत किमान ५ खेळाडू मैदानावर नाहीत तर समोरचा विजयी. तक्रार फक्त कर्णधाराची, लेखी, सामना संपल्यापासून अर्ध्या तासात. हे शनिवारी तोंडी ठरवायला गेलात तर पहिल्याच बरोबरीला स्पर्धा थांबते.

शाहूपुरी_सातारा
नखं आणि अंगठ्या-कडी पण लिहा. पंचांनी सामन्याआधी तपासायचं. अंगाला तेल नको. नेलकटर टेबलावर ठेवा, चार तरी.

भिडे_पूल_नव्हे_आयर्विन
कुणी व्हॉलीबॉलचं नेट कुठे चांगलं मिळेल ते सांगेल का? मारुती रोडवर बघितलं, लवकर फाटणारं आहे.

डावाकोपरा
वेगळा धागा काढा ना.
प्रवेश फी कशी घेतली?

विश्रामबाग_क्लब
माझ्याच यूपीआयवर. सगळ्यांनी पाठवली आहे.

जिमखाना_ताई
हे आजच दुरुस्त कर, दादा. क्लबचे पैसे सचिवाच्या वैयक्तिक खात्यात राहिले की उद्या परत करायची वेळ आली किंवा तुझं खातं अडकलं तर उत्तर तुला एकट्याला द्यावं लागतं. सगळी रक्कम जिमखाना निधीत भर, पावती घे, त्या पावतीच्या नोंदीत १८ संघांची नावं आणि रकमा लिहून घे. खर्चासाठी उचल माग. बिलं कॉलेजच्या नावाने, तारखेसह. ‘रोख दिले’ अशी साधी चिठ्ठी हिशोबात धरत नाहीत, म्हणून पाणी आणि चहावाल्याकडूनही सहीचं बिल घे. पंचांच्या मानधनाला प्रत्येकाची सही आणि रक्कम. फीत, चाळणी, जे उरतं ते साठा नोंदवहीत चढव, म्हणजे पुढच्या वर्षीचा सचिव तेच परत विकत घेणार नाही.

मिरज_कट्टा
एवढी कागदपत्रं दोन दिवसांच्या स्पर्धेला? यूपीआयचा इतिहास आहेच की, स्क्रीनशॉट ठेवा.

जिमखाना_ताई
स्क्रीनशॉटमध्ये पैसे आले हे दिसतं, कशावर गेले हे नाही. लेखापरीक्षणात दुसरंच विचारतात. आणि हिशोब अडला की पुढच्या वर्षी क्लबला उचल मिळत नाही, सचिव तोवर पास होऊन गेलेला असतो.
औषधोपचाराचं पण बघा. दोन मैदानांच्या मध्ये एक टेबल: बर्फाची पेटी, क्रेप बँडेज ६, जंतुनाशक, कापूस, ओआरएस, कात्री. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही. खांदा निखळला तर मैदानावर कुणीही ओढून बसवायचा नाही, हात गळ्यात बांधून दवाखान्यात. डोकं आपटलं आणि चक्कर, उलटी किंवा गोंधळ दिसला तर त्या दिवशी तो खेळाडू परत आत नाही, कर्णधार कितीही म्हणाला तरी. गाडीचा रस्ता मैदानापर्यंत मोकळा ठेवा. १०८ ला फोन कोण करणार, गेटवर कोण उभं राहणार, ही दोन नावं आधी ठरवा.

विश्रामबाग_क्लब (गुरुवार, दुपारी ३.४०)
चार गटांचं केलं. गेल्या वर्षीचे चार उपांत्य संघ चार गटांत, बाकी कर्णधारांसमोर चिठ्ठ्या. सह्या १८ पैकी १६ आल्या. पैसे भरले, पावती मिळाली. माती चाळून झाली, आता पाणी मारतोय. दोन पंच उपांत्यपासून येणार आहेत.
एकच शंका. दुसरं मैदान मुलींच्या मापाचं आखलं तर मुलांचे साखळी सामने तिथे कसे घेऊ? दोन्ही रेषा एकावर एक?

फक्की_आणि_फीत
हो. आधी मुलांचं १३ × १० पांढऱ्या भुकटीने. मग तीच मध्यरेषा धरून लांबीच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर आत, रुंदीत एकेक मीटर आत, गेरूने मुलींचं. गंमत अशी की मुलींच्या मैदानाची बाजूची रेषा मुलांच्या राखीव क्षेत्राच्या आतल्या रेषेवरच येते, तिथे दोन रंग एकमेकांवर टाकू नका. पांढरीच ठेवा आणि पंचांना सांगा. मुलींचं राखीव क्षेत्र त्याच्या आत आणखी एक मीटर, ते गेरूने. निदान आणि बोनस रेषा ३, ३.७५, ४, ४.७५ अशा चार होतील. ३.७५ आणि ४ मध्ये फक्त २५ सेंटिमीटर आहे, त्यामुळे रेषा ३ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. दुसऱ्या मैदानावर मुलींच्या एका फेरीचे दोन्ही सामने सलग लावा, म्हणजे पंचांचा डोळा मध्येच बदलायला नको.

डावाकोपरा
सह्या न आलेले ते दोन संघ कुठल्या गटात आहेत?

विश्रामबाग_क्लब
दोन्ही ड मध्ये.

डावाकोपरा
आज रात्री हॉस्टेलवर जाऊन घे. ते आले नाहीत तर ड गटात एकच संघ उरतो आणि तो न खेळता उपांत्य फेरीत जातो. शुक्रवारी दुपारपर्यंत नक्की नसेल तर अ आणि ब मधून चिठ्ठीने एकेक संघ ड मध्ये आण, चारही गट ३-३-३-३ होतील, साखळीचे सामने १८ ऐवजी १२. पत्रक नवीन छाप, जुनं बोर्डावरून काढून टाक.