मदत हवी आहे: संस्थेची निवडणूक ब्लॉकचेनवर घ्यायची आहे

खानापूरकर: नमस्कार. आमच्या संस्थेची निवडणूक तोंडावर आली आहे. मागच्या खेपेला मोजणीत एका गठ्ठ्याची दोरी सुटलेली निघाली आणि पहाटेपर्यंत वाद चालला. ब्लॉकचेनवर, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या डिजिटल साखळीवर घेतली तर मागाहून आकडे फिरवता येणार नाहीत. बरेच सभासद पुण्याला, गोव्याला आहेत. कुठला प्लॅटफॉर्म घ्यावा तेवढंच सांगा. घाई आहे.

टिळकवाडी: संस्था कसली? पतसंस्था, मंडळ, शाळा? मतदार किती?

कोडवाला: हायपरलेजर फॅब्रिक घ्या, डोळे झाकून. आपण परवानगी दिलेलेच जोडले जातात, इथेरियम या सगळ्यांना खुल्या ब्लॉकचेनसारखी गॅस फी, म्हणजे दर व्यवहाराचा आकार नाही. गोदामाच्या नोंदींना मी तेच वापरतो.

निपाणीकर: ईव्हीएमवर उगाच संशय घेऊ नका. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, नीट बघा.

खानापूरकर: ईव्हीएमचं कुणी विचारलंय? पतसंस्था आहे. दोनेक हजार सभासद.

टिळकवाडी: नोंदणी कुठली? कर्नाटकातली सौहार्द सहकारी असेल तर १९९७ चा कायदा, महाराष्ट्रात चंदगडकडेही शाखा असून मल्टिस्टेट असेल तर २००२ चा. निवडणूक अधिकाऱ्याला चालणार नसेल तर प्लॅटफॉर्म घेऊन करणार काय?

वडगाव: ते राहू दे गा. आधी निवडणुकीची नोटीस मराठीत काढायला लावा. आमच्या आईला कन्नड वाचता येत नाही, दर वेळी कुणाला तरी विचारत बसावं लागतं.

टिळकवाडी: मुद्दा रास्त आहे, पण त्याला वेगळा धागा काढा.

गणेशपूर: ब्लॉकचेनमध्ये जुनी नोंद बदलली की पुढचे हॅश, म्हणजे नोंदींवरून काढलेले सांकेतिक ठसे जुळत नाहीत, चोरी उघडी पडते. पण फोनमध्येच मत बदललं गेलं तर चुकीचं मतच कायमचं जपलं जातं. २०१८ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात परदेशातल्या सैनिकांसाठी व्होट्झ हे ब्लॉकचेनवरचं मतदानाचं ॲप वापरलं. २०२० मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की फोनचा ताबा मिळाला की त्या ॲपवरचं मत बदलता येतं. आणि फॅब्रिकचे सगळे नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवणारे संगणक संस्थेच्याच कार्यालयात ठेवणार असाल तर साखळी नव्याने लिहायला कोण अडवणार?

कोडवाला: नोड दोन्ही पॅनेलकडे द्या की! तेलंगणानं २०२१ ला खम्मममध्ये फोनवरून मतदान करून बघितलं, त्यातही ब्लॉकचेनच होती.

गणेशपूर: ती चाचणी होती. नोड वाटून द्याल, पण घरी मत देताना शेजारी पॅनेलचा माणूस उभा असला तर? गुप्त मतदान तिथंच संपलं. तुमचं भांडण मोजणीचं आहे. प्रत्येक गठ्ठा दोन्ही पॅनेलसमोर मोजा, वर आकडा घालून दोघांच्या सह्या घ्या, लगेच फोटो काढून सगळ्या सभासदांना पाठवा.

कोडवाला: म्हणजे परत कागदच.

गणेशपूर: हो, कागदच. तो पुन्हा मोजता येतो.

खानापूरकर: सौहार्द आहे, चंदगडला शाखा नाही. सह्यांचं दोन्ही पॅनेलशी बोलतो, निवडणूक अधिकाऱ्यांनाही विचारतो. पण पुण्यातल्या सभासदांचं काय करायचं ते अजून कुणीच सांगितलं नाही.