ग्लायसीन + मीठ: हिरवा प्रकाश मिळाला, पण स्फटिक नक्की कोणता?

प्रश्न
ग्लायसीन आणि सोडियम क्लोराइड १:१ मोल प्रमाणात पाण्यात विरघळवून मंद बाष्पीभवनाने स्फटिक वाढवले. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरखाली पावडर अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देते. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) ट्रायगोनल सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा छोटा साचा: बाजू ए ७.०३, सी ५.४८ अंगस्ट्रॉम. याला नवा पदार्थ म्हणता येईल का? शिवाय स्फटिक मध्यभागी दुधाळ आहेत आणि बीकरच्या तळाशी चौकोनी कण जमलेत.

प्रतिसाद १
नाही. ही सेल सरळसरळ गॅमा ग्लायसीनची आहे (अल्फा आणि गॅमा म्हणजे त्याच रेणूंच्या स्फटिकातल्या वेगवेगळ्या मांडण्या). नुसत्या पाण्यातून सहसा अल्फा मिळतं, पण ते सममितिकेंद्री (केंद्रातून उलटवलं तरी तसंच राहणारं) असल्याने त्यातून हिरवा प्रकाश येत नाही. मीठ गॅमाला वाट करून देतं, स्वतः जाळीत शिरत नाही. अशाच स्फटिकांना ‘ग्लायसीन सोडियम क्लोराइड’ म्हणून छापल्याची उदाहरणं आहेत, म्हणून नाव देण्याआधी साधी चाचणी करा. स्फटिक थंड पाण्यात क्षणभर बुडवून टिपून घ्या. त्यातले १०० मिग्रॅ विरघळवा, नायट्रिक आम्ल घाला, मग भरपूर सिल्व्हर नायट्रेट. संयुग खरंच १:१ असेल तर सुमारे १०७ मिग्रॅ सिल्व्हर क्लोराइड बसायला हवं. नुसता धूसरपणा आला तर ते आत अडकलेलं द्रावण. आयआरमध्येही (अवरक्त वर्णपटातही) बघा: अल्फाची पट्टी ९१० प्रति सेंमीच्या आसपास, गॅमाची ९३० जवळ.

प्रतिसाद २
तळाचे चौकोनी कण मिठाचेच. बाष्पीभवनात दोन्ही घटक दाट होत जातात आणि शेवटी मीठही संपृक्त होतं. त्यापेक्षा सावकाश थंड करा. मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही, ग्लायसीनची मात्र १०० ग्रॅम शुद्ध पाण्यात २५ अंशांना २५ ग्रॅम, ५० ला सुमारे ३९. ४० अंशांना संपृक्त द्रावण करून गाळा, तीन-चार अंश वर नेऊन सूक्ष्म कण विरघळवा, परत ४० वर आणा आणि एक्सआरडीने गॅमा ठरलेलं स्वच्छ बीज (ज्यावर वाढ होते तो छोटा स्फटिक) नायलॉनच्या दोऱ्याला टांगा. सुरुवातीला रोज ०.२ अंशच उतरवा. दुधाळपणा म्हणजे घाईत वाढताना अडकलेलं द्रावण. बाथचं (बीकरभोवतीच्या पाण्याचं) तापमान अर्ध्या अंशाने जरी हललं तरी तो येतो.

प्रतिसाद ३
हिरवा दिसला एवढ्यावर थांबू नका. केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, तुलनेसाठीचा नेहमीचा स्फटिक) आणि तुमची पावडर एकाच चाळणीतून काढा, पल्स ऊर्जा तीच ठेवा. मग कणांचा आकार वाढवत मोजा: प्रकाश वाढून स्थिरावला तर फेज मॅचिंग (लेझरची आणि हिरवी लहर स्फटिकात ताल न सोडता जाणं) आहे, घटू लागला तर नाही. एकाच आकारावर काढलेली ‘केडीपीच्या इतकी पट’ ही संख्या माझ्या मते प्रबंधात घालू नये.