चांद्रयानाचे रॉकेट मोठे की मोपाला उतरणारे विमान?

प्रश्न (शिक्षिका, पेडणे)
नमस्कार. मोपाला उतरणारी विमाने आमच्या शाळेवरून इतकी खालून जातात की पंखांच्या मागच्या कडेने बाहेर आलेले फ्लॅपसुद्धा मुलांना दिसतात. चांद्रयान-३ नेणारे रॉकेट याहून मोठे होते का आणि पंख नसताना ते वर कसे गेले, असे सातवीतल्या एका मुलीने काल विचारले. रॉकेटची ज्वाळा जमिनीला रेटते, असे मी सांगितले खरे. पण माझेच समाधान झालेले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (निवृत्त अभियंता, वास्को)
बाई, लांबीत फरक थोडाच आहे. एअरबस ए३२० विमान सुमारे ३७.५ मीटर लांब असते, तर ते एलव्हीएम-३ रॉकेट ४३.५ मीटर उंच होते; विमानाच्या धडाची आणि रॉकेटच्या मधल्या भागाची जाडीही जवळपास सारखीच, ४ मीटरच्या आसपास. खरी तफावत वजनात आहे. हे विमान उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त ७८ टनांच्या आसपास भरते, रॉकेट मात्र ६४० टनांचे होते आणि त्यात चांद्रयानाचा वाटा चार टनांहूनही कमी होता. विमानाचे इंजिन जळणासाठी लागणारा प्राणवायू वाटेतल्या हवेतून घेते. रॉकेटला हवेपलीकडे जायचे असल्यामुळे ती सगळी शिदोरी जमिनीवरूनच बांधून न्यावी लागते. माझ्या मते मुलांना आधी हेच सांगावे.

उत्तर (विज्ञानप्रेमी, माशेल)
ज्वाळा जमिनीला रेटते हे मात्र कृपया दुरुस्त करावे. विमानाचे पंख हवेला खाली वळवतात आणि तिच्या प्रतिक्रियेने विमान तोलले जाते. रॉकेट स्वतःच्या पोटातला वायू प्रचंड वेगाने मागे फेकते आणि त्याचीच प्रतिक्रिया त्याला पुढे ढकलते. जमीन किंवा हवा तिथे लागतच नाही. उलट बाहेरच्या हवेचा दाब नसल्यामुळे निर्वातात तेच इंजिन अधिक जोर देते.

आणखी एक गोष्ट: रॉकेट सरळ वर जात राहत नाही, थोड्याच वेळात ते आडवे कलू लागते, कारण पृथ्वीलगतच्या कक्षेत टिकायचे तर सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटरचा आडवा वेग लागतो. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी साधारण १०५ किलोमीटर धरली, तर ताशी ८५० किलोमीटर वेगाच्या विमानाला ती पार करायला सात मिनिटांहून अधिक वेळ लागेल; कक्षेतल्या त्या वेगाने हेच अंतर चौदा सेकंदांत संपेल. वर्गात घड्याळ लावून मुलांना चौदा आकडे मोजायला सांगा.