पेटी एका दुकानाची, हार दुसऱ्याचा

शेवट वाचकापासून पूर्णपणे लपवला तरच कथेतला दैवाचा उपरोध, म्हणजे नशिबाने माणसाची केलेली थट्टा, धक्का देतो, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते, कारण उत्तम कथेत तो शेवट आधीच वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेला असतो. फ्रेंच कथाकार मोपासाँच्या १८८४ सालच्या ‘द नेकलेस’ (हार) या कथेत उसना आणलेला हार हरवतो, त्याऐवजी ३६,००० फ्रँकांचा हार घेऊन दिला जातो, कर्ज फेडण्यात दहा वर्षे जातात आणि शेवटी कळते की मूळ हार खोटा, फार तर ५०० फ्रँकांचा होता. मात्र मध्येच, हरवलेल्या हाराच्या पेटीवर ज्याचे नाव असते तो सराफ सांगून गेलेला असतो की त्याने फक्त पेटी दिली, हार विकलेला नाही.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात मी ही कथा मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा शेवटी सगळे सुन्न झाले, पण एका आजींनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावले आणि “पेटी एकाची नि हार दुसऱ्याचा, तेव्हाच कळायला हवं होतं की रे बाळा!” असे त्या म्हणताच सगळे खळखळून हसले. दुसऱ्या वाचनातले हे हसू मला पहिल्या धक्क्याहून मोलाचे वाटते.