हांगझोऊ : वेस्ट लेकच्या काठी राहायचे तर कोणता किनारा निवडावा?

मृदुला_कोथरूड

नमस्कार. माझ्या पतीला ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कामानिमित्त शांघायला जायचे आहे. त्यांचे काम आटोपल्यावर मी आई-बाबांना घेऊन तिकडे जावे आणि आम्ही चौघांनी हांगझोऊला वेस्ट लेकच्या काठावर दोन-तीन रात्री निवांत राहावे, असा विचार आहे. बाबांचे गुडघे दुखतात. रोज दुरून टॅक्सीने सरोवरापाशी यायचे आणि मग तासन्‌तास पायी फिरायचे, हे त्यांना झेपणार नाही. खोलीच्या खिडकीतून पाणी दिसावे आणि मनात येईल तेव्हा चार पावलांवर काठ गाठता यावा, एवढ्याचसाठी आम्ही एरवी हॉटेलवर कधी करणार नाही इतका खर्च करायला तयार आहोत.

ग्रँड हयात, शांगरी-ला, फोर सीझन्स आणि शीहू स्टेट गेस्ट हाउस अशी नावे समोर आली आहेत. सगळ्यांच्या जाहिरातीत सरोवर आहे, पण नकाशावर ती एकमेकांपासून बरीच लांब दिसतात. प्रत्येक ठिकाणाहून नेमके काय दिसते आणि वयस्कर माणसांना कोणती जागा सोयीची पडेल, हे तिथे राहिलेल्या किंवा त्या भागात वावरलेल्या कोणी सांगितल्यास फार मदत होईल. आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, त्यामुळे तिच्या जेवणाचीही काळजी वाटते.

शांघायनिवासी

मृदुलाताई, नकाशा पाहून आपल्याला आलेली शंका अगदी योग्य आहे, कारण इथे हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा ते कोणत्या काठावर आहे याला अधिक महत्त्व आहे. वेस्ट लेकचे वर्णन ‘तीन बाजूंना डोंगर आणि एका बाजूला शहर’ असे पूर्वापार केले जाते आणि ते आजही शब्दशः खरे आहे. सरोवर साधारण साडेसहा चौरस किलोमीटरचे, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन्हीकडे तीन किलोमीटरच्या आसपास. २०११ पासून हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. डोंगरांच्या बाजूला गर्द झाडी आणि बुटक्या इमारती आहेत, शहर पूर्वेला आहे.

पूर्व काठावर हूबिन रस्ता आहे आणि ग्रँड हयात तिथेच आहे. तिथून आपण पश्चिमेकडे पाहतो, म्हणजे समोर पूर्ण पाणी, त्यापलीकडे एकामागे एक फिकट होत गेलेल्या डोंगररांगा आणि संध्याकाळी त्यांच्यामागे मावळणारा सूर्य. सोयीच्या दृष्टीने या काठाला तोड नाही. शांघायच्या होंगछ्याओ स्थानकावरून वेगवान रेल्वेने तासाभरात हांगझोऊ पूर्व स्थानकावर उतरता येते आणि तिथून मेट्रोच्या एक क्रमांकाच्या मार्गावरील लोंगशियांगछ्याओ हे स्थानक हूबिनच्या अगदी जवळ पडते. काठावरचा रस्ता सपाट आहे, बाके भरपूर आहेत, नावांचे धक्केही तिथेच आहेत. मात्र शनिवारी-रविवारी संध्याकाळी, संगीत कारंज्याच्या वेळी, त्या काठावर इतकी गर्दी होते की वयस्कर माणसाला हात धरूनच न्यावे लागते.

उत्तर काठाचा बेइशान रस्ता मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. चिनाराच्या जातीच्या जुन्या झाडांची दाट सावली, गेल्या शतकाच्या पूर्वार्धातील बंगले, मागे टेकडीवर बाओचू पॅगोडा आणि समोर दक्षिणेकडे पाण्यापलीकडे लेइफंग पॅगोडा. हा दुसरा पॅगोडा १९२४ मध्ये कोसळला होता. आज दिसतो तो २००२ मध्ये पूर्ण झालेला नवा आहे, पण रात्री दिवे लागल्यावर त्याचे प्रतिबिंब पाहत बसावेसे वाटते. शांगरी-ला याच रस्त्यावर आहे. मूळचे १९५६ मधील हांगझोऊ हॉटेल, १९८४ पासून शांगरी-लाच्या व्यवस्थापनाखाली गेले आणि चीनच्या मुख्य भूमीवरचे त्यांचे ते पहिलेच हॉटेल ठरले. तिथल्या काही गोष्टी जुन्या वाटतील, पण आवारातील कापराची मोठमोठी झाडे कोणत्याही नव्या हॉटेलला पैसे मोजून उभी करता येणार नाहीत. जवळच्या छ्युयुआन बागेतील कमळे उन्हाळ्यातली. आपण जाल तेव्हा ती सुकलेली असतील.

पश्चिम काठावरचे शीहू स्टेट गेस्ट हाउस म्हणजे पूर्वीची ‘ल्यू’ घराण्यातील एका धनिकाची खासगी बाग. माओ तिथे वारंवार राहत असत, १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या दौऱ्यात चीन-अमेरिका संयुक्त निवेदनाच्या मसुद्यावर तिथे चर्चा झाली आणि सप्टेंबर २०१६ मधील जी-२० परिषदेची मेजवानीही तिथेच झाली. इथून आपण पूर्वेकडे पाहतो, म्हणजे सूर्योदय पाण्यावर होतो. बाग अप्रतिम आहे आणि शांतता खरीखुरी आहे, पण आवार फार विस्तीर्ण असल्यामुळे खोलीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून गावात जाणे, दोन्ही लांब पडते. फोर सीझन्स वायव्येला, लिंगयिन रस्त्यावर आहे. ते च्यांगनान (यांगत्से नदीच्या दक्षिणेकडील प्रदेश) शैलीच्या उद्यानासारखे बांधलेले देखणे हॉटेल आहे, पण तिथल्या बहुतेक खोल्यांसमोर हॉटेलची स्वतःची बाग आणि तळी आहेत. खिडकीतून मोठे सरोवर पाहायचे हीच आपली अट असेल, तर ते आपल्या कामाचे नाही.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. काठावर राहण्यासाठी आपण जे जादा पैसे मोजता, त्यांचा खरा मोबदला पहाटे मिळतो. सकाळी सहाच्या सुमारास पाण्यावर धुके असते, गावातील वृद्ध मंडळी ताईची करत असतात, कोणी मोठ्या कुंचल्याने फरशीवर नुसत्या पाण्याने अक्षरे लिहीत असते आणि ती अक्षरे वाळून जाईपर्यंत भोवती दोन-चार माणसे शांतपणे वाचत उभी असतात. नऊनंतर पर्यटकांच्या बसगाड्या आल्या की हे सारे विरून जाते. म्हणून सोमवार ते गुरुवार या दिवसांतच राहा आणि १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा पूर्ण टाळा. आपण उत्तरार्धात जाणार आहात, हे उत्तम आहे. हवा कोरडी आणि सुखद असते, आणि नशीब असेल तर हांगझोऊचे नगरपुष्प असलेल्या ग्वेइहुआच्या (ओस्मॅन्थस या सुगंधी फुलाच्या) झाडांचा उशिराचा बहरही मिळेल. त्याचा सुगंध रस्त्याच्या एका टोकाला सुरू होतो आणि दुसऱ्या टोकापर्यंत सोबत करतो.

वैदेही_डोंबिवली

वरील माहितीशी मी सहमत आहे. फक्त खोलीच्या आरक्षणाबाबत एक भर घालते. सासू-सासऱ्यांसोबत आम्ही याच सरोवराकाठच्या एका नामांकित हॉटेलात राहिलो होतो. नाव घेत नाही. ‘सरोवर दिसणारी खोली’ म्हणून अधिक दर आकारला गेला, पण खोली खालच्या मजल्यावर निघाली आणि खिडकीसमोर झाडांचा असा पडदा होता की पाणी केवळ फांद्यांच्या फटींतून चमकताना दिसे. तक्रार केल्यावर झाडे संरक्षित असल्याचे सांगण्यात आले, आणि ते खरेही असेल. पण ही गोष्ट आरक्षणाच्या वेळी सांगायला हवी होती, असे मला आजही वाटते. त्यामुळे आरक्षणापूर्वी ईमेल पाठवून मजला कोणता, खिडकी कोणत्या दिशेला आणि समोर झाडे आहेत का, हे लेखी विचारून घ्या आणि ते उत्तर सोबत ठेवा.

दर पाहताना त्यावर दहा टक्के सेवा आकार आणि सहा टक्के कर वेगळा लागतो का, हेही तपासा, कारण चार माणसांच्या दोन खोल्यांवर ती रक्कम लहान नसते. दाखल होताना प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट लागतो, कारण परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणे हॉटेलला बंधनकारक असते. अनामत रक्कमही क्रेडिट कार्डावर रोखून ठेवली जाते. बाहेर सर्वत्र व्यवहार मोबाइलवरून होतात आणि आपले यूपीआय तिथे उपयोगाचे नाही. म्हणून निघण्याआधीच घरी बसून अलीपे किंवा वीचॅटवर आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून घ्या. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीवर शुल्क लागत नाही, त्यापुढे साधारण तीन टक्के लागते. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअॅप आणि गूगल चालत नाहीत, पण भारतातील सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले तर ते चालतात. आई-बाबांना घरच्यांशी बोलता यावे म्हणून निदान एका फोनवर ही सोय असू द्या.

सात्त्विक_भोजन

आईंच्या जेवणाविषयी सांगतो, कारण हा विषय मला जवळचा आहे. हांगझोऊ ज्या प्रांतात आहे त्या झेजियांगचे जेवण तिखट नसते आणि भाज्या ताज्या असतात, परंतु भाजी डुकराच्या चरबीत परतणे, मांसाच्या रश्शात शिजवणे किंवा वर सुकी कोळंबी भुरभुरणे यात तिथे कोणाला काही वावगे वाटत नाही. म्हणून केवळ ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. बौद्ध भिक्षूंसारखे शाकाहारी जेवण हवे, अंडे नको, प्राण्यांची चरबी आणि ऑयस्टर सॉसही नको, असे चिनी लिपीत लिहून घेतलेला कागद जवळ ठेवावा. हे सांगितले की चांगल्या हॉटेलातील आचारी मन लावून करतात, आणि मोठ्या हॉटेलात राहण्याचा शाकाहारी माणसाला होणारा हा मोठा लाभ आहे.

लिंगयिन मंदिराच्या परिसरात बौद्ध शाकाहारी जेवण सहज मिळते. त्यात कांदा-लसूणही नसतो. गोड पदार्थांत ग्वेइहुआच्या पाकातले, चिकट तांदूळ भरलेले कमळकाकडीचे काप आणि कमळकाकडीच्या सत्त्वाची पातळसर लापशी आईंना नक्की आवडेल. ही लापशी आपल्या आरारूटाच्या खिरीसारखी लागते, फक्त तिच्यात दूध नसते. लोंगजिंग हा तिथला हिरवा चहाही दूध-साखरेविना पितात. बाबांना आपल्या चहाची सवय असेल तर घरून चहाची पुडी आणि दुधाची भुकटी न्यावी. खोलीत पाणी उकळण्याची किटली असतेच.

मृदुला_कोथरूड

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलात लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चर्चेवरून पूर्व काठावर, आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणि वरच्या मजल्याची लेखी खात्री घेऊनच आरक्षण करावे, असे आम्ही जवळजवळ ठरवले आहे. एक शेवटची शंका : लिंगयिन मंदिर आणि सरोवरातील बंधारे पाहण्याची बाबांची फार इच्छा आहे. गुडघ्यांचा विचार करता ते शक्य होईल का?

शांघायनिवासी

निश्चित होईल, फक्त दोन्ही गोष्टी एकाच दिवशी ठेवू नका. सू बंधारा २.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर सहा कमानदार पूल आहेत. कवी सू दोंगपो या शहराचे प्रशासक असताना त्यांनी सरोवरातील गाळ काढून त्याच गाळातून तो उभारला. तो संपूर्ण चालण्याचा हट्ट धरू नये. सरोवराभोवती बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी गाड्या फिरतात, त्यांत बसून एखाद्या पुलापाशी उतरावे, थोडे बसावे आणि पुढच्या गाडीने परतावे. हाताने वल्हवायची छोटी नावही बाबांना सोसेल, मात्र चढताना-उतरताना नावाड्याचा हात धरू द्यावा. एक युआनच्या नोटेमागे छापलेले तीन दगडी मनोरे नावेतून जवळून दिसतात.

लिंगयिनला जाण्यामागे तर आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. हे मंदिर इसवी सन ३२८ मध्ये हुइली या भारतीय भिक्षूने स्थापन केले, असे तिथली परंपरा सांगते. समोरची टेकडी पाहून ‘हा तर आपल्या गृध्रकूटाचा तुकडा, इथे कधी उडून आला?’ असे तो म्हणाला, आणि म्हणून त्या टेकडीचे नाव ‘उडून आलेले शिखर’ असे पडले. (गृध्रकूट म्हणजे बिहारमधील राजगीरजवळचा, बुद्धाशी निगडित पर्वत.) चुनखडीच्या त्या कड्यांत दहाव्या ते चौदाव्या शतकांदरम्यान कोरलेल्या शेकडो बुद्धमूर्ती आहेत. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाने त्यांच्यासमोर थोडा वेळ थांबावेच. यांपैकी बऱ्याच मूर्ती, हसऱ्या मैत्रेयाची मोठी मूर्ती धरून, ओढ्याकाठच्या वाटेवरून फारसे न चढता दिसतात. पायऱ्या लागतात त्या मंदिराच्या मागच्या दालनांकडे जाताना. बाबांना पहिल्या दालनापर्यंत नेऊन तिथे बसवता येईल आणि आईंना पुढे जाता येईल. प्रवेशाचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या स्वागतकक्षाला पासपोर्ट दाखवून नोंदणी करवून घ्या. टॅक्सी सकाळी सात-साडेसातची सांगा, कारण त्या अरुंद रस्त्यावर दहानंतर वाहने तुंबतात.