सौरवीज सगळ्यांत स्वस्त, तरी बिलं वाढणार? (शिवाय एक शब्द हवाय)

अवंती_म

नमस्कार मंडळी. मी अनुवादाची कामं करते. सध्या जगभरच्या ऊर्जाधोरणांवरचा एक जाडजूड अहवाल हातात आहे आणि दोन दिवस एकाच जागी अडकलेय. पान ४१ वर म्हटलंय, नवीन वीज उभारायची तर बहुतेक देशांत सौर आणि पवन सगळ्यांत स्वस्त. पान ४४ वर म्हटलंय, येत्या काही वर्षांत ग्राहकांची बिलं वाढण्याची शक्यता आहे. मधे दोन आलेख आणि पवनचक्क्यांचा एक फोटो. या तीन पानांत झालं काय?

मला अर्थ लागल्याशिवाय वाक्य लिहिता येत नाही, ही जुनी खोड. म्हणून विचारते: स्वस्त माल वाढत चाललाय तर एकूण भाव का उतरत नाही? मधे कुणी खातंय का?

दुसरं, 'डिस्पॅचेबल' वीज, म्हणजे हवी तेव्हा मागवता येणारी, याला मराठीत काय म्हणता? मी 'प्रेषणक्षम' लिहिलंय आणि ते वाचून मलाच पार्सल आठवतंय.

तिरकस_तात्या

मधे खातंय का म्हणजे काय! कोळसावाले, तेलवाले, गॅसवाले. सूर्य बिल पाठवत नाही, म्हणून त्यांच्या पोटात दुखतं. संपला धागा.

रात्रपाळी

तात्या, इतक्या लवकर नका संपवू.

सव्वीस वर्षं लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये काढली, त्यातल्या निम्म्याहून जास्त रात्री. आयडी त्यावरूनच. केंद्र कुठलं ते जाऊ द्या.

तिथे समोरच्या भिंतीवर एक मोठा आकडा असतो, ग्रिडची फ्रिक्वेन्सी, आपल्याकडे ५० हर्ट्झच्या आसपास. ५०.०२. ४९.९८. ४९.९६. सगळे झोपलेले आणि तुम्ही त्या दशांशांकडे डोळे लावून बसलेले. ग्रिडमधून जेवढी वीज ओढली जाते तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. कमी पडली की आकडा उतरतो, जास्त झाली की चढतो. रात्री तीन वाजता एखादा मोठा वीजनिर्मिती संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की आकडा असा काही घसरतो की पोटात खड्डा पडतो. त्या वेळी 'युनिट कितीला?' हे कुणी विचारत नाही. फोन उचलून एकच विचारतात, "आत्ता किती देता?"

आता तुमची पानं. जर्मनीचं २०२४ साल घ्या. त्या वर्षी घाऊक बाजारात ४५७ तास विजेचा भाव शून्याच्याही खाली होता. म्हणजे वीज न्या आणि वर पैसेही न्या. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या संध्याकाळी एका तासाला हाच भाव मेगावॅट-तासाला (म्हणजे हजार युनिटांना) ९३६ युरोंवर गेला. वारा पडलेला, आभाळ गच्च, थंडी कडाक्याची. त्यांच्याकडे अशा दिवसांना खास शब्दच आहे, 'डुंकलफ्लाउट'. उजेडही नाही आणि वाराही नाही. तुमचं पान ४१ म्हणजे ते ४५७ तास. पान ४४ म्हणजे ती संध्याकाळ.

त्या संध्याकाळसाठी कुणीतरी गॅसचं केंद्र तयार ठेवलेलं असतं. ते वर्षातून मोजके दिवस चालतं, पण माणसांचे पगार, देखभाल आणि कर्जाचे हप्ते बाराही महिने चालू. हा पैसा सौरच्या युनिटभावात धरलेला नसतो. वाहिन्यांचाही नसतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये मोजदाद केली तेव्हा किमान ३,००० गिगावॅटचे अक्षय ऊर्जेचे प्रकल्प ग्रिडला जोडून घेण्यासाठी रांगेत उभे होते, त्यातले १,५०० गिगावॅट तर तयारीत बरेच पुढे गेलेले. पॅनेल वर्षभरात बसतात. अतिउच्चदाब वाहिनीला जमीन, परवानग्या आणि कोर्टकज्जे धरून दहा वर्षं सहज जातात.

'मधे कुणी खातंय का' याचं अर्धं उत्तर 'हो' असंच आहे, पण खाणारा नियमातच बसलाय. बऱ्याच बाजारांत त्या तासाला लागलेलं सगळ्यांत महाग केंद्र जो भाव लावेल तोच सगळ्यांना मिळतो. २०२२ मध्ये युरोपात गॅस भडकला तेव्हा वाऱ्याच्या विजेलाही गॅसचाच भाव मिळाला. स्पेन आणि पोर्तुगालने त्या जूनपासून वीजनिर्मितीच्या गॅसपुरती किमतीला मर्यादा घालून घेतली. इतरांनी सरकारी तिजोरीतून बिलं भरली. पैसे तेही लोकांचेच, फक्त दुसऱ्या खिशातले.

आणि शब्द म्हणाल तर कंट्रोल रूममध्ये आम्ही 'हुकमी' म्हणायचो. "हुकमी किती आहे?" हा पाळी बदलतानाचा पहिला प्रश्न.

गोगलगाय

हुकमी, वा!

पण रात्रपाळी, तुमचं चित्र थोडं जुनं वाटतं. बॅटऱ्या कुठे आहेत त्यात? लिथियम बॅटरी पॅकचा भाव २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५. कॅलिफोर्नियात दुपारी सौरवीज वर आणि सूर्यास्ताला मागणी वर, त्या आलेखाला बदकाचा आकार येतो म्हणून 'डक कर्व्ह' नाव पडलं. दहा वर्षं सगळे त्या बदकाची भीती घालत होते. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या बॅटऱ्या १० गिगावॅटच्या पुढे गेल्या आणि त्याच महिन्यात एका संध्याकाळी थोडा वेळ त्या ग्रिडला वीज देणाऱ्या सगळ्यांत मोठ्या स्रोत ठरल्या. गॅसच्याही पुढे.

रात्रपाळी

अगदी मान्य. बदकाला बॅटरीने जवळजवळ माणसाळवलं. पण बहुतेक ग्रिडच्या बॅटऱ्या दोन-चार तासांच्या आहेत. दुपारची वीज रात्री नऊला नेणं त्यांना जमतं. आठवडाभराचं मळभ अजून जमत नाही.

तिरकस_तात्या

म्हणजे शेवटी गॅस चालू ठेवायची सबबच ना? स्पेनमध्ये अख्खा देश अंधारात गेला तेव्हा हेच ऐकलं, सौरने घात केला म्हणे.

रात्रपाळी

बरं झालं विषय काढलात, कारण त्या दिवसाबद्दल दोन्ही बाजूंनी वाट्टेल ते लिहिलं गेलंय.

२८ एप्रिल २०२५, दुपारी १२ वाजून ३३ मिनिटं. ऊन डोक्यावर, वीज मुबलक. म्हणजे तुटवडा नव्हता, हे आधी लक्षात घ्या. व्होल्टेज चढायला लागलं. ते मर्यादेबाहेर गेलं की वीजकेंद्रं स्वतःला वाचवायला ग्रिडपासून सुटी होतात. एक सुटलं की व्होल्टेज आणखी चढतं, मग दुसरं सुटतं. काही सेकंदांत स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही गेले. व्होल्टेज सांभाळायचं काम मुख्यतः जुन्या पद्धतीच्या मोठ्या फिरत्या यंत्रांवर होतं आणि त्या दुपारी ती कमी पडली. सौर केंद्रांतल्या इन्व्हर्टरना (पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणाऱ्या यंत्रांना) ते काम करता येतं! पण तिथल्या नियमाने त्यांना ठरावीक पॉवर फॅक्टरवर चाला, म्हणजे व्होल्टेज कितीही हलो, आपलं प्रमाण बदलू नका, एवढंच सांगितलेलं होतं. घटना घडून गेल्यावर तो नियम बदलला. मला विचाराल तर यात दोष सूर्याचा कमी आणि फायलीचा जास्त.

साउथ ऑस्ट्रेलियाने २०१६ च्या मोठ्या अंधारानंतर पवनचक्क्यांची सेटिंग्ज बदलली, बॅटरी बसवली, आणि पुढे २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. ही वजनदार फिरती यंत्रं एक युनिटही वीज बनवत नाहीत. नुसती फिरतात आणि ग्रिडला धरून ठेवतात. असल्या यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापायला कोण येणार?

आता गॅसची सबब. टेक्सास, फेब्रुवारी २०२१. भयंकर हिमलाट. सगळ्यांत जास्त वीज गेली ती गॅसवाल्यांची. विहिरी गोठल्या, केंद्रं गोठली. फ्रिक्वेन्सी (तिकडे ६० ची असते) ५९.४ च्या खाली चार मिनिटं तेवीस सेकंद राहिली. नऊ मिनिटं झाली असती तर उरलेली केंद्रंही आपोआप सुटली असती आणि ग्रिड पुन्हा उभं करायला कित्येक दिवस, कदाचित आठवडे लागले असते. ते वाचवण्यासाठी त्यांनी लोकांची वीज तोडली. तोडताना गॅस पाठवणाऱ्या काही कॉम्प्रेसरचीही तोडली. मग गॅस आणखी कमी, मग वीज आणखी कमी. सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं गेली.

हे वाचून लोक म्हणतात, इतका मूर्खपणा कसा होतो? मी म्हणत नाही, कारण मी केलाय. आमच्याकडे टेबलाच्या काचेखाली फीडर (उपकेंद्रातून एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) तोडायच्या क्रमाची यादी असायची. टाइप केलेली, कडेने पेन्सिलीच्या खुणा. इस्पितळं वगळलेली, बाकी क्रमाने. एका रात्री दोन संच पाठोपाठ गेले, आकडा ४९.२ च्या खाली, आणि मी यादीवर बोट ठेवून एकेक फीडर सोडायला लावला. वीस-पंचवीस मिनिटांनी एका औष्णिक केंद्रातून फोन. पलीकडचा माणूस ओरडत नव्हता, अगदी हळू बोलत होता. "साहेब, आमचा कच्च्या पाण्याचा पंप तुम्ही बंद केलाय." नदीवरचा तो पंप कधीतरी त्या फीडरवर चढवला होता आणि यादीत कुणी लिहिलंच नव्हतं. मी विजेसाठी ज्याच्याकडे हात पसरत होतो त्याचंच पाणी तोडलं होतं. सात मिनिटांत परत जोडला, निभावलं. त्यानंतर दर महिन्याला मी ती यादी हातात घेऊन एकेका उपकेंद्राला फोन करत असे. वरिष्ठ म्हणायचे, याला काम नाही वाटतं.

सई_हिशेबी

मी या क्षेत्रातली नाही, हिशेब तपासणारी आहे, म्हणून माझा प्रश्न पैशाचा. तयार उभ्या राहणाऱ्या केंद्राचं भाडं देणार कोण? पाकिस्तानचं उदाहरण बघा. त्यांनी वर्षानुवर्षांचे करार करून केंद्रं उभारली. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच. बिलं भडकली. मग ज्याला परवडलं त्याने छतावर पॅनेल टाकले. एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॅटचे पॅनेल आयात झाले. ग्रिडकडून विकत घेतली जाणारी वीज घटली, पण करारांचा बोजा तेवढाच. तो आता उरलेल्यांवर, म्हणजे ज्यांना स्वतःचं छत नाही त्यांच्यावर. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर स्थिर खर्च तोच, भागणारे कमी.

पॅनेल लावणाऱ्याची यात चूक दिसत नाही. त्याने त्याच्यापुरतं शहाणपणाचंच केलं.

रात्रपाळी

सईताई, नेमकं बोट ठेवलंत. उत्तरं दोन टोकांची आहेत. ब्रिटन २०१४ पासून लिलाव घेतं, 'अमुक साली मागणीच्या वेळी हजर राहीन' म्हणणाऱ्याला हजेरीचे पैसे देतं. टेक्सासने तसं केलं नाही. त्यांचं म्हणणं, टंचाईत भाव चढू द्या, त्या आशेवर लोक केंद्रं ठेवतील. तो भाव हिमलाटेत मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेवर कित्येक दिवस अडकून बसला. पुढच्या वर्षापासून मर्यादा ५,००० वर आणली. माझं मत ब्रिटनच्या बाजूने आहे. महाग पडतं, मान्य. पण बिलात ती ओळ दिसते आणि तिच्यावर भांडता येतं.

आणि तात्या, तुमच्यासाठी: कोळशावर चालणारं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र लंडनमध्येच, १८८२ साली. त्याच देशाने ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं. २०१३ पासून विजेसाठी जाळलेल्या कार्बनवर जादा आकार लावला, समुद्रातल्या पवनचक्क्यांना ठरलेल्या भावाचे करार दिले आणि हुकमी म्हणून गॅस ठेवला. लॉबी तिथेही होतीच की.

तिरकस_तात्या

गॅस ठेवला, हे तुम्ही हळूच शेवटी घातलंत. बाकी ठीक. पंपाची गोष्ट आवडली.

अवंती_म

सगळ्यांचे आभार. प्रश्न एका पानाचा होता, उत्तरात माझे पुढचे दोन धडे उलगडले. 'प्रेषणक्षम' सगळीकडून काढून टाकलं. पान ४१ आणि ४४ च्या मधे अनुवादकाची तळटीप घालायची परवानगी मागितली आहे, बघू. सध्या वाक्य असं झालंय:

"सौर व पवन ऊर्जेचे दर युनिटमागे सर्वांत कमी असले तरी मागणीच्या क्षणी उपलब्ध असणाऱ्या हुकमी विजेचा, तसेच वाहिन्यांचा खर्च त्यात धरलेला नाही."

चालेल का?

रात्रपाळी

चालेल. फक्त 'उपलब्ध असणाऱ्या'च्या जागी 'उपलब्ध असायला हव्या अशा' करा. टेक्सासचा गॅससुद्धा कागदावर हुकमीच होता.