मदत हवी आहे: ड्रीम अस्क्यू मराठीतनं खेळताना तो/ती/ते वर गाडी अडतेय

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. आम्ही पाच जण महिन्यातनं दोनदा एकाच्या खोलीवर जमून रोलप्ले गेम (आपापलं पात्र घेऊन सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची) खेळतो. घरमालकिणीला वाटतं तीन पत्ती चाललीय, आम्ही पण तसंच वाटू देतो, कारण खरं काय ते सांगणं त्याहून अवघड आहे, आमच्यातल्या तिघांच्या घरी अजून काहीच माहीत नाही.

तर गेल्या महिन्यात एव्हरी आल्डरचा ड्रीम अस्क्यू हा गेम काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जग कोसळतंय पण एका दणक्यात नाही, लाटालाटांनी, आणि ज्यांना आधीच कडेला ढकललेलं असतं त्यांच्यावर पहिल्यांदा कोसळतं, मग असे क्वीअर (लिंग-लैंगिकतेच्या ठरल्या चौकटीत न बसणारे) लोक एकत्र येऊन एक वस्ती उभी करतात आणि आपण ते लोक. फासे नाहीत, गोष्ट चालवणारा गेम मास्टर पण नाही. टोळ्या, टंचाई, अजून शाबूत असलेला समाज, डिजिटल जग, खुद्द पृथ्वी वगैरे सहा गोष्टी आहेत त्या आळीपाळीनं ज्यानं त्यानं सांभाळायच्या. आपलं पात्र अडचणीत येईल अशी दुबळी चाल केली की एक टोकन मिळतं, जोरदार चाल करायची तर टोकन द्यायचं, साधी चाल फुकट. टोकन म्हणून पहिल्या दिवशी शेंगदाणे घेतले होते, ते अर्ध्या तासात एकानं खाऊन संपवले, आता चिंचोके आहेत.

वस्ती आम्ही इथलीच केली. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे एका पावसाळ्यात उघडले ते परत मिटलेच नाहीत, पंचगंगा उतरलीच नाही, आणि पन्हाळ्याच्या अंगाला उंचावर एक बंद पडलेलं गुऱ्हाळ आहे तिथं आम्ही. गूळ आटवायच्या काहिलीची नाव करून खाली शहरात जायचं आणि मिळेल ते आणायचं. २०१९ च्या पुरात आमच्यातले दोघं घरात अडकलेले, हायवे बंद, पेट्रोल नाही, सगळीकडं पाणी आणि प्यायला टँकरची वाट बघायची, त्यामुळं टंचाई कुणाला समजावून सांगावी लागली नाही. शाबूत समाज म्हणजे काय हे पण लगेच कळलं, तेव्हा पुण्याचे पाव्हणे व्हिडीओ कॉल करून विचारायचे की गॅलरीतनं पाणी दाखव की.

आता प्रॉब्लेम. या गेममध्ये पात्राचं जेंडर आपण ठरवतो, आणि ते स्त्री किंवा पुरुष असायलाच पाहिजे असं काही नाही. इंग्रजीत 'दे' (they) म्हणून सुटता येतं. आपल्याकडं तोंड उघडलं की क्रियापद चहाडी करतं. आमच्यातलं एक जण (हे लिहितानाच बघा कशी कसरत चाललीय) नव्यानं वस्तीत आलेलं पात्र खेळतंय, पात्राला तो पण नको ती पण नको आणि खरं सांगायचं तर खेळणाऱ्यालाही नको. पहिल्याच सीनला मी म्हटलं "तो काहिलीतनं उतरला", सगळे गप्प. मग "ती उतरली", परत गप्प. मग "ते उतरलं", तर दुसरा म्हणाला काय म्हैस उतरली का? सगळे हसले, पण ज्याच्यावर हसले त्याचा चेहरा उतरला आणि त्या दिवशीचा गेम तिथंच संपला.

सुप्रीम कोर्टानं २०१४ ला तिसरं लिंग मान्य केलं, आपल्या व्याकरणात ते पहिल्यापासनं आहे, फक्त त्याचं नावच असलं आहे की कुणाला लावायची सोय नाही. कुणी मराठीत असं खेळलंय का? इंग्रजीत खेळा असं सांगू नका प्लीज, दोघांना जमत नाही आणि मलाही इंग्रजीत रडता येत नाही.

मुठेकाठी:
माझ्या ग्रुपला हाच त्रास होता. प्रथम पुरुषात बोलायचं असेल तर अर्धी लढाई व्याकरणच जिंकून देतं. "मी दार उघडलं, मी भाकरी आणली, मी त्याला हाकललं" यात बोलणाऱ्याचं लिंग कुठाय? सकर्मक भूतकाळात क्रियापद सहसा बोलणाऱ्याकडे बघतच नाही, शिकलो/शिकले, विसरलो/विसरले असे थोडे अपवाद सोडले तर. भविष्यकाळात "मी जाईन", शिवाय "मला जायचंय", "मला भीती वाटतेय". बाकी अडचण मुख्यतः गेलो/गेले, आलो/आले आणि करतो/करते इथे. पण तृतीय पुरुषाला माझ्याकडे उत्तर नाही, आम्ही पात्राचं नावच सारखं घेतो आणि क्रियापद खाऊन टाकतो.

चिखलातला_पैलवान:
भावा, कोल्हापूरचा असून हे विचारतोस? गावाकडं जरा कान देऊन ऐक. "आबा आलं", "पाव्हणं आलं", "मालक जेवलं". आणि धाकट्याला काय म्हणतात? "पोरगं आलं", "लेकरू जेवलं". शहरात मान द्यायचा तर 'आले' आणि पोराला 'आलं', आमच्यात दोन्हीला 'आलंच'. मान पण त्यातच आणि माया पण त्यातच. "त्ये उतरलं" असं ठसक्यात म्हण, म्हैस आठवणार नाही, आबा आठवतील. आणि नव्यानं आलेल्या पात्राला पाव्हणंच म्हणा की, आयतं नाव मिळतंय. बायकांना मान देताना मात्र 'आत्या आल्या' होतं, तिथं चालणार नाही हे कबूल.

मुठेकाठी:
हे भारी आहे. पण खेळणाऱ्याला आधी विचारा. कुणाला 'ते' मध्ये माया ऐकू येते, कुणाला शाळेतली चिडवाचिडवी.

धागा काढणारं:
@चिखलातला_पैलवान भावा नको, बाई हाय मी. वर 'लिहितोय' वाचून फसलास ना? आमच्या घरात आज्जी, आई, मी सगळ्या "मी येतो, मी जातो" असंच बोलतो, शाळेत बाईंनी पट्टी मारून 'येते' शिकवलं ते फक्त निबंधात राहिलं. म्हणजे पहिल्या पुरुषाचं उत्तर माझ्या तोंडातच होतं आणि मी इथं विचारत बसलो. टेबलावर आता सगळ्यांनी, पात्र कुठलंही असो, 'मी गेलो' म्हणायचं ठरलंय. पुण्याहून इथं आलेली मैत्रीण 'गेले' म्हणते, तिला सवय लागायला वेळ लागेल, चुकली की एक चिंचोका दंड.

'त्ये' बद्दल ते पात्र खेळणाऱ्याला काल विचारलं. बराच वेळ उत्तर नाही आलं, मग मेसेज आला, "पाव्हणं चालंल. त्ये पण चालंल, पण तुम्ही कोल्हापुरी हेल काढूनच म्हणायचं, पुस्तकी 'ते' म्हणालात तर मी उठून जाणार."

एक राहिलंच. आमच्यात सगळेच एकमेकांशी इतकं गोड वागतात की दुबळी चाल कुणी करतच नाही, चिंचोके वाटीत तसेच पडून. त्याला काय करावं?

चिखलातला_पैलवान:
चुकलो ताई. तालमीत आधी पडायला शिकवतात, पकडायला नंतर. पहिल्या सीनला तूच पड, काहिल उलटू दे, आणलेला गूळ पाण्यात जाऊ दे. मग बाकीचे पडतील.